आपल्याच मनाला दिलेले उत्तर

काही वर्षांपूर्वी आमच्या नात्यातील एक मावशी कर्करोगाने अंथरुणास खिळल्या होत्या. भेटीस येणारी माणसे फळे आणीत, एखादी रोझरी म्हणत आणि निघताना उंबरठ्यावर थांबून जवळजवळ एकच वाक्य बोलत : ‘मावशी, मनात फक्त चांगले विचार आणा, बाकी सारे ठीक होईल.’ एका गृहस्थांनी तर याच विषयावरील एक चकचकीत वेष्टनाचे पुस्तक त्यांच्या उशाशी ठेवले होते. सर्वांचा हेतू प्रेमाचा होता, यात शंका नाही. पण एका संध्याकाळी घरात दुसरे कोणी नसताना मावशींनी मला हळूच विचारले, ‘मी चांगला विचार केला नाही म्हणून मला हे दुखणे लागले, असे वाटते का रे या सगळ्यांना?’

त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. काहीतरी गुळमुळीत बोलून मी विषय बदलला. मात्र तो प्रश्न मनातून गेला नाही. मनाला चांगल्या विचारांची सवय लावता येते, ही कल्पना आली कोठून? ती खरी किती आणि कोणत्या अर्थाने खरी? या शोधात मी पुस्तकांच्या मागे लागलो आणि आजच्या पुस्तकांच्या दुकानांतून निघून थेट चौथ्या शतकातील इजिप्तच्या वाळवंटात जाऊन पोहोचलो.

सकारात्मक विचारसरणी ही अमेरिकेतून आलेली आधुनिक चीज आहे, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज असतो. तो अगदीच निराधार नाही. न्यू यॉर्कमधील प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक नॉर्मन व्हिन्सेंट पील यांचे या विषयावरील गाजलेले पुस्तक १९५२ साली प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून त्या प्रकारच्या ग्रंथांचा पूर ओसरलेला नाही. पण पील यांच्याही एक पिढी आधी फ्रान्समध्ये एमिल कुए नावाचे एक औषधविक्रेते होऊन गेले. कुए यांचा जन्म १८५७ सालचा, त्रुआ या गावचा. आपल्या दुकानात औषध देताना त्याची दोन शब्दांत स्तुती केली, तर तेच औषध अधिक गुण देते, असे त्यांच्या ध्यानात आले. पुढे नान्सी शहरात ते लोकांना विनामूल्य उपचार शिकवू लागले. उपचार एवढाच की, रोज सकाळी जागे होताना आणि रात्री झोपताना, आपण दिवसेंदिवस सर्व बाबतींत सुधारत चाललो आहोत, अशा अर्थाचे एक वाक्य ओठ हलवीत वीस वेळा पुटपुटायचे. मोजण्यात चूक होऊ नये म्हणून ते वीस गाठी मारलेली दोरी हाती धरायला सांगत. जपमाळेशी जन्मापासून परिचय असलेल्या आपल्या माणसांना या दोरीचे मूळ वेगळे सांगायला नको! १९२३ साली कुए अमेरिकेस गेले तेव्हा त्यांच्या दर्शनाला झुंबड उडाली. १९२६ साली ते वारले.

कुए भोंदू नव्हते. इच्छाशक्ती आणि कल्पनाशक्ती यांची झुंज लागली तर कल्पनाशक्तीच जिंकते, हे त्यांचे निरीक्षण मार्मिक आहे. जमिनीवर ठेवलेल्या फळीवरून कोणीही चालू शकतो, तीच फळी कॅथेड्रलच्या दोन मनोऱ्यांमध्ये टाकली तर पाऊल उचलत नाही, हा दाखला ते देत. तथापि त्यांच्या पद्धतीत एक उणीव होती आणि ती पुढे पील यांच्यापर्यंत व आजच्या चकचकीत पुस्तकांपर्यंत उतरली. ही पद्धत मनातील वाईट विचाराकडे पाहतच नाही. ती फक्त त्याच्यावर दुसरा विचार पांघरते.

आता त्या वाळवंटाकडे वळू.

इव्हाग्रियस हे काळ्या समुद्राच्या दक्षिणेकडील पोंतस प्रांताचे. जन्म सुमारे ३४५ सालचा. संत बाझिल यांनी त्यांना वाचक नेमले आणि पुढे नाझियान्झसचे संत ग्रेगरी यांच्याबरोबर ते कॉन्स्टँटिनोपल येथे डीकन म्हणून काम करू लागले. ३८१ सालच्या विश्वपरिषदेच्या वेळी हा बुद्धिमान, वक्तृत्वसंपन्न तरुण राजधानीत चमकत होता. नेमके तेथेच त्यांचे मन एका उच्चकुलीन विवाहित स्त्रीवर जडले आणि तिचेही त्यांच्यावर. त्यांचे शिष्य पलादियस यांनी ही हकीकत लिहून ठेवली आहे. एका रात्री इव्हाग्रियस यांना स्वप्न पडले : आपण बेड्यांत आहोत आणि एक ओळखीचा मित्र आपल्याकडून शुभवर्तमानावर हात ठेवून शहर सोडण्याची शपथ घेत आहे. शपथ स्वप्नातली होती, पण त्यांनी ती खरी मानली आणि जहाज पकडून जेरुसलेम गाठले.

तेथे काय घडावे? माणूस शहर सोडतो, स्वभाव बरोबर घेऊन येतो! जेरुसलेममध्ये पुन्हा उंची वस्त्रे, पुन्हा वाक्पटुत्वाचा अभिमान. मग तापाने गाठले आणि तो सहा महिने हटला नाही. वैद्यांनी हात टेकले. ऑलिव्ह डोंगरावरील मठाच्या प्रमुख, रोमच्या कुलीन घराण्यातील विधवा मेलानिया यांनी मात्र ओळखले की हे दुखणे केवळ शरीराचे नाही. त्यांनी इव्हाग्रियस यांच्याकडून सारा वृत्तांत वदवून घेतला आणि संन्यस्त जीवनाचे वचन घेतले. काही दिवसांत ते उठून बसले आणि इजिप्तला निघाले. प्रथम दोन वर्षे नित्रिया येथे, त्यानंतर मृत्यूपर्यंत चौदा वर्षे केलिया येथे ते राहिले.

केलिया म्हणजे ‘खोल्या’. अलेक्झांड्रियाच्या दक्षिणेला, वाळवंटात, एकमेकींपासून दूर दूर बांधलेल्या मातीच्या विटांच्या खोल्या. आठवड्याचे पाच दिवस प्रत्येक जण आपापल्या खोलीत एकटा, शनिवारी व रविवारी सर्वांनी चर्चमध्ये एकत्र यायचे. दिवसाला एक शेर भाकरी, तीन महिन्यांना थोडेसे तेल. इव्हाग्रियस यांचे अक्षर सुंदर होते. पोथ्यांच्या नकला करून, जेवढे लागे तेवढेच ते मिळवीत.

अशा खोलीत माणसाला त्रास देणारी गोष्ट कोणती? बाजार नाही, शेजारी नाही, भाऊबंदकी नाही. राहतात ते विचार. ग्रीक भाषेत त्यांना त्यांनी ‘लोगिस्मॉय’ म्हटले आणि त्यांचे आठ प्रकार लावले : खादाडपणा, कामवासना, धनलोभ, दुःख, क्रोध, ‘अकेदिया’, पोकळ प्रतिष्ठा आणि गर्व. यादी वाचताना पापांची यादी वाटते. प्रत्यक्ष वर्णने वाचू लागलो की वेगळाच अनुभव येतो. खादाडपणाचा विचार म्हणजे पक्वान्नांची स्वप्ने, अशी आपली समजूत. इव्हाग्रियस म्हणतात, हा विचार साधकाला त्याच्या पोटाचे, यकृताचे, प्लीहेचे चित्र दाखवतो, लांबलेल्या आजारपणाचे, औषधाविना, वैद्याविना होणाऱ्या हालांचे चित्र दाखवतो. धनलोभाचा विचार सोन्याचे ढीग दाखवीत नाही. तो म्हातारपण दाखवतो : हात चालेनासे होतील, दुष्काळ येईल, दुखणे येईल आणि दुसऱ्याच्या दारी हात पसरण्याची लाज सोसावी लागेल. म्हणजे ज्याला आपण आज ‘काळजी’ म्हणतो, तीच! सोळाशे वर्षांपूर्वी ज्या माणसापाशी गमावण्यासारखे काहीही उरले नव्हते, त्याच्याही मनात भविष्यनिर्वाह निधीची चिंता होती, हे वाचून मला, खरे सांगायचे तर, धीर आला.

दुःखाचे वर्णन तर फार सूक्ष्म आहे. प्रथम घराची, आईवडिलांची, जुन्या दिवसांची आठवण येते. मन त्या आठवणीत रमते, सुखावते, पसरते. आणि मग एकाएकी जाणवते की ते दिवस आता नाहीत, परत येणारही नाहीत. जेवढे मन आठवणीत सैल झाले असेल तेवढे ते आता खाली बुडते. दुबईला वा कुवेतला पहिले वर्ष काढलेल्या आपल्या कोणत्याही मुलाला विचारा, तो या वर्णनाखाली सही करील.

सर्वांत प्रसिद्ध वर्णन ‘अकेदिया’चे. या ग्रीक शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. कंटाळा, मरगळ, विरस, उबग, या सर्वांचे मिश्रण म्हणजे अकेदिया. हा दुपारचा सैतान. सकाळी दहाच्या सुमारास तो येतो आणि दोनपर्यंत ठाण मांडून बसतो. सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा झाला आहे असे वाटू लागते. साधक खिडकीतून पाहतो, खोलीबाहेर येतो, तीन वाजता सुटणारा उपवास अजून किती दूर आहे याचा सावलीवरून अंदाज घेतो, कोणी बंधू भेटायला येतो का ते न्याहाळतो. मग त्याला त्या जागेचा वीट येतो, हातातल्या कामाचा वीट येतो. बंधूंमध्ये आता पूर्वीचे प्रेम राहिले नाही, मला धीर देणारे कोणी नाही, असे मनात येते. नुकतेच कोणी काही टोचून बोलले असेल तर ते आठवते. दुसरीकडे गेलो तर काम सोपे मिळेल, आणि देवाची भक्ती काय, कोठेही करता येते, असा धार्मिक युक्तिवादही हजर होतो. शेवटी उरलेल्या आयुष्याचा लांबच लांब रस्ता डोळ्यांपुढे पसरतो. पण, इव्हाग्रियस पुढे सांगतात, या झुंजीत जो टिकतो त्याच्या मागे लगेच दुसरा सैतान लागत नाही. त्याला एक शांती आणि अवर्णनीय आनंद लाभतो.

यावर त्यांनी सांगितलेल्या उपायांत तीन गोष्टी आहेत आणि त्या क्रमाने समजून घेतल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट ही की, विचार मनात येणे न येणे आपल्या हाती नाही. तो मनात रेंगाळू द्यायचा की नाही, त्याने वासना चाळवू द्यायच्या की नाही, एवढेच आपल्या हाती आहे. या एका वाक्याने केवढे ओझे उतरते! वाईट विचार आला म्हणून मी वाईट, भीती वाटली म्हणून माझा विश्वास उणा, असे येथे नाही.

दुसरी गोष्ट निरीक्षणाची. कोणता विचार कोणत्या वेळी येतो, किती जोरात येतो, केव्हा ओसरतो, कोणाच्या मागून कोण येतो, हे साधकाने ध्यानात ठेवावे असे ते सांगतात. पाऊसपाण्याची नोंद ठेवणाऱ्या शेतकऱ्याने ठेवावी तशी ही नोंद. विचाराला हाकलण्याची घाई नाही. आधी त्याची चालरीत ओळखायची.

तिसरी गोष्ट उत्तराची. लुकियस नावाच्या एका साधकाच्या विनंतीवरून इव्हाग्रियस यांनी एक ग्रंथ तयार केला. त्याचे ग्रीक नाव ‘अंतिऱ्हेतिकोस’, म्हणजे उलट उत्तर देणारा. आठ विचारांचे आठ भाग आणि त्यांत सुमारे पाचशे नोंदी. प्रत्येक नोंदीत आधी तो विचार जसाच्या तसा मांडलेला आहे : भाकरी पुरणार नाही म्हणणारा, आईवडिलांची आठवण काढणारा, आजारपणाला भिणारा. आणि त्याच्यासमोर पवित्र शास्त्रातील एक वचन, उत्तर म्हणून. ही रीत कोठून आली, तेही त्यांनी प्रस्तावनेत सांगितले आहे. अरण्यात चाळीस दिवस उपवास केल्यानंतर प्रभु येशूने मोहात पाडणाऱ्याला शास्त्रवचनांनी उत्तरे दिली, तीच ही रीत. ऐन हल्ल्याच्या वेळी योग्य वचन आठवत नाही, कारण ती विखुरलेली आहेत. म्हणून ती आधीच शोधून, लावून ठेवायची.

अकेदियावरचा एक उपाय त्यांच्या दुसऱ्या एका ग्रंथात आहे आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. मन खचले की आपल्या आत्म्याचे दोन भाग करावेत, असे ते म्हणतात. एका भागाने धीर द्यावा, दुसऱ्याने तो घ्यावा. डोळ्यांत अश्रू असतानाच आपण आपल्यात चांगल्या आशेचे बी पेरावे आणि दाविदाचे ते वचन म्हणावे, ज्यात स्तोत्रकर्ता आपल्याच जिवाला, तू का खिन्न झालास, असे विचारतो. बेचाळिसावे स्तोत्र आपण सर्वांनी गायले आहे. त्याचा असा उपयोग एका खोलीत एकट्या बसलेल्या माणसाने दुपारी दोन वाजता केला असेल, हे माझ्या कधी ध्यानात आले नव्हते. आपल्या मराठी वाचकाला ही तऱ्हा परकी वाटू नये. समर्थ रामदासांनी दोनशे पाच श्लोक रचले ते मनालाच उद्देशून, आणि सज्जन म्हणून त्याला गोंजारीत.

कुए यांच्या दोरीशी याची तुलना करून पाहा. इव्हाग्रियस यांच्या उत्तरांत अश्रू वर्ज्य नाहीत. स्तोत्रसंहितेतून ती मोठ्या प्रमाणात घेतलेली आहेत, आणि स्तोत्रसंहिता म्हणजे निम्मे आक्रोशाचे पुस्तक! तेथे सारे छान आहे असे कोणी म्हणत नाही. अंधार आहे हे मान्य करून मग दिवा कोठे आहे ते विचारले जाते.

हे ज्ञान युरोपात पोहोचवले योहान कासियन यांनी. ते स्वतः इजिप्तमध्ये राहून आलेले. इ.स. ४१५ च्या सुमारास ते मार्सेय येथे स्थायिक झाले आणि लॅटिनमध्ये दोन मोठे ग्रंथ लिहिले. आठ विचारांची सारी मांडणी त्यांत आहे, पण इव्हाग्रियस यांचे नाव एकदाही नाही. कारण मधल्या काळात ओरिजेनच्या शिकवणुकीवरून वादळ उठले होते आणि ते नाव घेणे धोक्याचे झाले होते. कासियन यांनी पौल नावाच्या एका साधकाची हकीकत दिली आहे, ती येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. पौल शहरापासून सात दिवसांच्या वाटेवर राहत. खजुराच्या पानांचे काम करीत. पण ते बाजारात न्यायचे तर वाहतूकखर्च किमतीपेक्षा जास्त. म्हणून ते वर्षभर काम करून गुहा भरून टाकीत आणि वर्षाखेरीस सगळे जाळून पुन्हा पहिल्यापासून आरंभ करीत. धंदा म्हणून हा शुद्ध वेडेपणा, मनाची मशागत म्हणून मात्र पौल यांना त्याचे मोल कळले होते.

पुढे सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप संत ग्रेगरी द ग्रेट यांनी या यादीची फेरमांडणी केली. गर्वाला सर्व पापांचे मूळ ठरवून त्यांनी उरलेली सात केली आणि अकेदिया ‘दुःखा’त मिसळून टाकली. नंतरच्या शतकांत दुःखाची जागा आळसाने घेतली. धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण सात प्रमुख पापे पाठ केली, त्यांतले शेवटचे ‘आळस’ हे त्या दुपारच्या सैतानाचे उरलेसुरले रूप. या बदलात फार मोठे नुकसान झाले, असे माझे मत आहे. खचलेल्या मनाचे ते वर्णन सहानुभूतीचे होते, त्यावर उपाय होते. ‘आळशी’ या शब्दाला फक्त छडी असते.

हरवलेला धागा पुन्हा सापडला तो एका सैनिकाला, आणि तोही अंथरुणावर. २० मे १५२१ रोजी पाम्पलोनाच्या किल्ल्यावर तोफेचा गोळा लागून इनिगो लोयोला यांचा पाय मोडला. लोयोलाच्या वाड्यात आणल्यावर हाड नीट बसले नाही म्हणून ते पुन्हा मोडून बसवले गेले. त्यानंतरही गुडघ्याखाली हाडाचा उंचवटा राहिला, तेव्हा तंग बूट घालता यावेत एवढ्यासाठी त्यांनी तो करवतून घेतला. भूल देण्याचे औषध त्या काळी नव्हते. संत पेत्र व पौल यांच्या सणाच्या आदल्या दिवशी तर आशा सुटली होती.

बरे होण्याच्या कंटाळवाण्या काळात त्यांनी शूरवीरांच्या कादंबऱ्या मागितल्या. वाड्यात त्या नव्हत्या. होती ती सॅक्सनीच्या लुडॉल्फ यांचे ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रांचा एक संग्रह. पडल्या पडल्या ते दोन प्रकारची स्वप्ने रंगवीत. कधी एका थोर स्त्रीच्या सेवेत आपण काय पराक्रम करू याचे विचार दोन दोन, चार चार तास चालत. कधी संत फ्रान्सिस, संत दोमिनिक यांनी केले ते आपण का करू नये, असे विचार येत. दोन्ही रंगवताना सारखाच आनंद. फरक पडे तो नंतर. पहिल्या प्रकारच्या विचारांनंतर मन कोरडे आणि असमाधानी राही, दुसऱ्यानंतर ते प्रसन्न राही. पुष्कळ दिवस हे त्यांच्या ध्यानातच आले नाही. एके दिवशी डोळे किंचित उघडले आणि या फरकाचे त्यांना नवल वाटू लागले. हे सारे त्यांनी म्हातारपणी, १५५३ ते १५५५ या काळात, गोन्साल्व्हिश दा कामारा या सहकाऱ्याला सांगितले, म्हणून आपल्याला ठाऊक आहे.

पण ही विद्या त्यांना सहज साधली असे समजू नये. १५२२ साली मोन्सेरात येथे केलेल्या पापनिवेदनाबद्दल मान्रेसा येथे त्यांच्या मनात शंकांचे काहूर माजले. हे सांगायचे राहिले का, ते नीट सांगितले का? पुन्हा निवेदन, पुन्हा शंका. महिनोन्‌महिने असे चालले. खोलीतील एका मोठ्या भोकातून उडी टाकून जीव द्यावा, इथपर्यंत विचार गेले. आठवडाभर त्यांनी अन्नाचा कण घेतला नाही. तरीही सुटका नाही. अखेर या शंका कोणत्या वाटेने येतात हे त्यांनी मागे जाऊन तपासले आणि ठरवले की जुन्या पापांचे निवेदन आता पुन्हा करायचे नाही. त्या दिवसापासून ते मोकळे झाले. ज्या संताच्या नावाने आपण शाळा-महाविद्यालये काढतो, तो एके काळी आत्महत्येच्या कडेवर उभा होता, ही गोष्ट आपल्या प्रवचनांतून फारशी ऐकू येत नाही. यायला हवी.

मान्रेसाच्या अनुभवातून वाढत गेलेल्या त्यांच्या ‘आध्यात्मिक साधने’ला पोप तिसरे पौल यांनी १५४८ साली मान्यता दिली. त्यात एक अत्यंत साधी युक्ती आहे. आपल्याला जो एक दोष घालवायचा आहे त्यासाठी दिवसातून दोनदा, दुपारी व रात्री, आत्मपरीक्षण करायचे आणि जितक्या वेळा तो घडला तितके ठिपके एका रेघेवर मांडायचे. आठवड्याच्या रेघा एकाखाली एक काढलेल्या, आणि उत्तरोत्तर लहान होत जाणाऱ्या! दुपारची रात्रीशी, कालची आजशी, मागच्या आठवड्याची या आठवड्याशी तुलना करायची. खिन्नतेच्या काळासाठीही नियम आहेत : मन अंधारात असताना आधी केलेला निर्णय बदलू नये, प्रार्थना थोडी वाढवावी, धीर धरावा, कारण समाधान परत येणार आहे. आणि मन प्रसन्न असताना पुढे येणाऱ्या खिन्नतेची आठवण ठेवून बळ साठवावे. याच साधनेतून गेलेले संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात उतरले. वसईलाही ते येऊन गेले. आज आपण पॅरिशमधून रिट्रीटला जातो, तेथील आत्मपरीक्षणाची रीत त्या जखमी सैनिकाच्या अंथरुणातून आलेली आहे.

आता आधुनिक काळ थोडक्यात पाहू. अमेरिकेत १९५५ च्या सुमारास आल्बर्ट एलिस यांनी आणि १९६० च्या दशकात फिलाडेल्फियाचे डॉ. एरन बेक यांनी मानसोपचाराची नवी दिशा शोधली. खिन्नतेच्या रुग्णांच्या मनात, बोलण्याच्या आड, आपोआप उमटणारे विचार बेक यांना दिसले : मी निरुपयोगी आहे, मला कोणी नाही, पुढे काही चांगले होणार नाही. रुग्णाला ते टिपून ठेवायला शिकवायचे. एका रकान्यात प्रसंग, दुसऱ्यात भावना, तिसऱ्यात विचार, चौथ्यात त्याला तपासून दिलेले उत्तर. हे वाचताना इव्हाग्रियस यांची पोथी आठवावी, हे स्वाभाविक आहे. दोघांच्याही मागे ग्रीक स्टोइक तत्त्ववेत्ते उभे आहेत. मनुष्याला घटना बेचैन करीत नाहीत, घटनांविषयीची त्याची मते करतात, असे एपिक्टेटस यांनी पहिल्या-दुसऱ्या शतकातच शिकवले होते. बेक शंभर वर्षे जगून २०२१ साली वारले. त्यांच्या पद्धतीचा आज जगभर उपयोग होतो. तेथेही खोटे गोड बोलण्याला स्थान नाही, उत्तर खरे असावे लागते.

उलट, वरवरच्या घोषवाक्यांचे काय होते, हेही तपासले गेले आहे. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठातील जोॲन वुड यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, मी प्रेमास पात्र आहे, अशासारखी वाक्ये स्वतःशी घोकल्याने, ज्यांचा आत्मविश्वास मुळात कमी आहे त्यांना अधिकच वाईट वाटते. आतले मन लगेच विरुद्ध साक्ष काढते. आणि मावशींच्या प्रश्नाचे उत्तर २००७ सालीच छापून आले होते. डोके व मान यांच्या कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांचा जेम्स कॉइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला. रुग्णाची मनःस्थिती चांगली असण्याचा आणि तो किती काळ जगला याचा संबंध त्यांना आढळला नाही. म्हणजे मावशींच्या विचारांमुळे काही वाढले नव्हते आणि काही कमीही होणार नव्हते. हे मला कळले तेव्हा त्या निघून गेल्या होत्या. शेवटच्या आठवड्यांत त्या बहुधा भिंतीकडे तोंड करून हळू आवाजात स्वतःशीच काही बोलत असत. आम्ही म्हणायचो, ग्लानीत आहेत. आता मला तसे वाटत नाही.

इव्हाग्रियस ३९९ साली, तीन राजांच्या सणाला चर्चमध्ये पवित्र भाकर स्वीकारून, चोपन्नाव्या वर्षी वारले. अखेरच्या काळात पोटाच्या विकारामुळे त्यांना शिजवलेले अन्न घ्यावे लागत असे. त्यानंतर लवकरच अलेक्झांड्रियाचे बिशप थिओफिलस यांनी ओरिजेनच्या अनुयायांना वाळवंटातून हुसकावून लावले आणि त्यांच्या खोल्या जाळण्यात आल्या. पुढे सहाव्या शतकात इव्हाग्रियस यांची काही मते निषिद्ध ठरली. त्यांचे काही ग्रंथ दुसऱ्यांच्या नावावर टिकले. ‘अंतिऱ्हेतिकोस’ची मूळ ग्रीक प्रत हरवली. पोथी वाचली ती सिरियाक व अर्मेनियन भाषांतरांत, आपल्या केरळच्या सिरियन ख्रिस्ती बांधवांच्या उपासनेची जी भाषा, त्या भाषेत. सिरियाक प्रत १९१२ साली बर्लिनमध्ये छापली गेली, पूर्ण इंग्रजी भाषांतर २००९ साली निघाले. केलियाची जागा फ्रेंच विद्वान अंत्वान गियोमों यांनी १९६४ साली शोधून काढली. फ्रेंच आणि स्विस पथकांनी तेथे उत्खनन केले तेव्हा वाळूखाली शेकडो घरांचे अवशेष निघाले, पण सरकत्या शेतजमिनीने त्यांना घेरलेले होते. ज्या मातीत तो दुपारचा सैतान येऊन बसत असे, तिच्या बऱ्याचशा भागावरून आता नांगर फिरला आहे.